धोंड्यात निघालेला मिरग

सिल्लोड तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे : "औंदा मिरग धोंड्यात निघतोय. मग पेरायचं, का महिना सरू द्यायचा?" यंदा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६ असा आहे आणि मृग नक्षत्र ८ जूनला लागतं, म्हणजे ऐन धोंड्यात.

उत्तर आधी देऊन टाकतो. धोंड्याचा पेरणीशी काही संबंध नाही. मिरग सूर्याच्या हिशेबाने चालतो, म्हणून इंग्रजी तारखेला तो दरवर्षी ७-८ जूनच्या आसपासच सापडतो. तिथी मात्र बदलते. २०२४ साली मिरगाच्या वेळी ज्येष्ठ नुकता लागला होता, यंदा अधिकातली वद्य अष्टमी आहे. मका असो की कपाशी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरली की पेरावं.

मग हा तेरावा महिना येतो तरी कशाला? सूर्याचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं, चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत आटोपतात. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक चालीने चपळ असावा तसा चंद्र दर वर्षी अकरा दिवस पुढे निघतो. दोन वर्षं तसंच चालू द्यायचं, तिसऱ्या वर्षी कासरा ओढून त्याला मागच्याच्या बरोबरीने आणायचं. हा कासरा ओढलाच नाही तर काय होतं, ते सिल्लोडमध्येच रमजानच्या महिन्यात दिसतं. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे रोजे कधी कडक उन्हात येतात, कधी थंडीत, आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. आपला पोळा तसा फिरू लागला असता तर बैलांना कधी भर पेरणीत सजवावं लागलं असतं!

कासरा नेमका कधी ओढायचा, याचा नियम फार देखणा आहे. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सूर्याने रास बदललीच नाही, तर तो महिना अधिक. यंदा सूर्य १५ मे रोजी वृषभेत गेला. १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत अमावस्या संपते आणि सूर्य मिथुनेत शिरतो दुपारी एकच्या सुमारास. संक्रांत अवघ्या साडेचार तासांनी हुकली, म्हणून घरोघरी पुरणाचे धोंडे शिजणार! लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून जेवू घालायचं, जावयाच्या वाणात अनारसे-बत्तासे असे जाळीदार पदार्थ द्यायचे, तेही मोजून तेहतीस. दोन अधिक महिन्यांमधलं सरासरी अंतर साडेबत्तीस महिन्यांचं असल्याने तेहतीसचं 'शास्त्रीय कारण' म्हणून ते सध्या मोबाइलवर फिरतं आहे. परंपरा तो आकडा तेहतीस देवांचा सांगते, आणि मला तेच सरळ वाटतं. प्रत्येक रूढीला विज्ञानाचं प्रमाणपत्र चिकटवण्याची गरज नाही.

खरं विज्ञान त्याच्या पलीकडे आहे आणि जास्त सुंदर आहे. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सगळ्यांत लांब असते आणि हळू चालते. त्यामुळे मिथुन राशीत सूर्य साडेएकतीस दिवस रेंगाळतो, तर धनू रास २९.४५ दिवसांतच ओलांडतो. चंद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. संक्रांत हुकण्याची शक्यता उन्हाळ्या-पावसाळ्यात जास्त, म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन या काळातच पडतात. हिवाळ्यात उलट घडू शकतं : एकाच चांद्रमासात दोन संक्रांती बसतात आणि एक महिना चक्क गळतो. हा क्षयमास. तो १४१ वर्षांनी येतो आणि कधीकधी १९ वर्षांनी, असं भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त नोंदवलं. गेल्या शतकात तो १९६३-६४ मध्ये आला, मग बरोबर १९ वर्षांनी १९८२-८३ मध्ये, आणि आता थेट २१२३-२४ मध्ये, म्हणजे १४१ वर्षांनी! भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी जो मठ उभारला, तो चाळीसगावजवळच्या पाटणला. सिल्लोडच्या उत्तरेला दिसणारी डोंगररांगच पश्चिमेला तिथवर जाते.

अधिक महिन्यांचं हे १९ वर्षांचं चक्र बाबिलोनच्या लोकांनाही ठाऊक होतं. २००७ चं जुनं कॅलेंडर कुणी जपलं असेल तर काढून पाहा. त्यातही अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असाच आहे.

'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीने मात्र धोंड्याला उगाच बदनाम केलं. १९७२ ला अधिक वैशाख होता, २०१२, २०१५, २०१८ लाही अधिक महिने होते, आणि मराठवाडा होरपळला, हे खरं. पण २०१० आणि २०२० लाही धोंडा होता आणि पाऊस भरपूर झाला. २०१४ ला धोंडा नव्हता, दुष्काळ होता. पाऊस ठरवणाऱ्या समुद्राला अमावस्या-संक्रांतीचं गणित माहीत नसतं.

या सगळ्या विषयात ज्यांचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, दापोलीजवळच्या मुरुडचा. पेशा शिक्षकाचा. १८९६ साली त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास मराठीत लिहिला त्याच्या तोडीचा ग्रंथ तेव्हा कुठल्याच भाषेत नव्हता. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचं 'द इंडियन कॅलेंडर' लंडनहून निघालं. शिलालेखातली तिथी आजच्या तारखेत उतरवायला संशोधकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वापरलं. दीक्षित ४४ व्या वर्षी, १८९८ ला गेले. टिळकांचं 'ओरायन' आपल्याला माहीत असतं, दीक्षित माहीत नसतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कारण धोंड्याची एक मोठी उणीव त्यांनी ओळखली होती. अधिक महिना चंद्राला सूर्याशी बांधतो, पण आपल्या पंचांगातला सूर्य ताऱ्यांवरून मोजलेला, निरयन. पृथ्वीचा आस डुलत असल्याने ऋतू ताऱ्यांच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस सरकतात. दीड हजार वर्षांपूर्वी, वराहमिहिराच्या काळी, सूर्य मृगात शिरायचा तो ऋतूंच्या हिशेबाने मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आणखी दीड हजार वर्षांनी मिरग जूनच्या अखेरीला निघेल आणि पाऊस त्याच्यासाठी थांबणार नाही. म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी ऋतूंशी जुळणारं सायन पंचांग चालवलं. लोकांनी ते उचललं नाही. पुढे मेघनाद साहांच्या समितीने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी सायन वर्षच निवडलं आणि २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ उजाडला. सणावारांची पंचांगं निरयनच राहिली, त्यांतही अयनांशाचा, म्हणजे सायन आणि निरयन यांतल्या अंतराचा, वाद उरला. टिळक पंचांग हा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी धरतं, त्यामुळे त्यातला अधिक महिना कधीकधी इतरांपेक्षा वेगळा येतो.