बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

जबलपूरच्या गढ्यात, मदनमहालाच्या टेकडीखालच्या आमच्या घरात रविवारी दोनदा उपासना होते. सकाळची चर्चमध्ये, हिंदीत. तिच्यासाठी इस्त्रीचे कपडे, ठरलेली जागा, ठरलेलं उठणं-बसणं. संध्याकाळची घरी, मराठीत. आई ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतांचं पुस्तक उघडते, पण त्यात न बघताच गाते. सकाळी मी प्रभूविषयी ऐकतो. संध्याकाळी आई त्याच्याशी बोलत असते, आणि तिच्या आवाजात नातलगाशी बोलावं तसा हक्क असतो. तो हक्क मला का येत नाही, हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात बाळगून आहे. उत्तर शोधताना पुन्हा पुन्हा दोन मराठी माणसांकडे जातो.

पहिल्या पंडिता रमाबाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे त्यांची गोष्ट तिथेच संपवण्याची सवय आहे. समर्थकांनी त्या दिवसाचा विजय केला, विरोधकांनी पतन. रमाबाईंनी स्वतः मात्र वेगळंच लिहिलं. 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पुराणं, शास्त्रं, पंथ पालथे घालून आलेल्या बाईने हे म्हणावं! बाप्तिस्मा झाला, विधवांसाठीचं शारदासदन उभं राहिलं, जगभर नाव झालं, आणि आतली जागा रिकामीच होती. ती भरायला आठेक वर्षं लागली.

या आठ वर्षांत त्या गप्प बसल्या नव्हत्या. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला, की त्यांचा ताठ कणा दिसतो. क्रुसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. पुरोहितांच्या जोखडातून सुटलेली मी, आता दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांचं जोखड का घेऊ, असाही त्यांचा सूर आहे. काहींना हा अहंकार वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ज्याला प्रत्यक्ष भेटायचं आहे तो दारावरच्या माणसाशी वाद घालणारच.

त्या काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बॉल्धूचा पाळक. 1851 मध्ये एका रविवारी स्वतःच्याच व्यासपीठावर उभा राहून उपदेश करता करता त्याचं हृदयपरिवर्तन झालं. रोज दुसऱ्यांना वाट दाखवणारा स्वतःच वाटेवर नव्हता! रमाबाईंना त्यात आपलं चित्र दिसलं. आपल्या सत्कृत्यांच्या, विद्वत्तेच्या आधारावर नव्हे, तर रिकाम्या हातांनी त्याच्यापुढे जायचं, हे त्यांना उमगलं.

यानंतरच्या रमाबाई वेगळ्या आहेत. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आमचं जबलपूरही तेव्हा त्याच प्रांतात होतं. विशीच्या आत दुष्काळाने आईवडील हिरावलेल्या या बाईला उपाशी मुलींचे डोळे अनोळखी नव्हते. शेकडो मुली आणि बायका त्यांनी केडगावला नेल्या, त्यातून मुक्ती मिशन वाढलं. नातं खोल गेलं की माणूस ध्यानाला बसतो असं आपण समजतो. रमाबाई मात्र रेल्वेत बसल्या. उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या भाषेत. 5 एप्रिल 1922 ला वारल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची सुरुवातही रेल्वेतच झाली. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि वाचण्याचं वचन घेतलं. तो माणूस कोण, हे टिळकांना पुढे कधीच कळलं नाही. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र तुकोबांना त्यांनी मागे टाकलं नाही. उलट तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. म्हणून त्यांचा येशू पाहुणा वाटत नाही. तो अभंगात बसतो, ओवीत बसतो, त्याला ‘तू’ म्हणता येतं. मराठीत देवाला ‘तू’ म्हणण्याची मुभा संतांनी आधीच मिळवून ठेवली होती. टिळकांनी ती ख्रिस्ती घरात आणली. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांना जे जमत नव्हतं ते त्यामुळे जमलं.

तरीही वीसेक वर्षांच्या मिशनच्या नोकरीनंतर टिळकांना ती चौकट अपुरी पडू लागली. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सर्व ख्रिस्तशिष्य त्यात बसू शकत होते. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. मला तो फसलेला प्रयोग वाटत नाही. पगारी धर्मसेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाने साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, याला किती तहान लागली असेल!

आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, सोवळं सांभाळत राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या आणि उत्तर मिळाल्यावर कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. म्हणजे रमाबाईंच्या अगदी उलट: आधी आतलं, मग पाणी. शाळेत न गेलेल्या या बाईने टिळकांमागे त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य हाती घेतलं आणि उरलेले 64 अध्याय लिहिले.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी आईजवळ बसलो. पुस्तक उघडलं नाही. टिळकांचं भजन तिने सुरू केलं, दुसऱ्या कडव्यावर ती खोकली आणि थांबली. पुढची ओळ मला येत होती. मी म्हटली.