गैरहजेरीचा हिशेब

बिबवेवाडीत सोसायट्यांच्या हॉलमध्ये भरणारे सकाळचे योगवर्ग मी बरीच वर्षे पाहतो आहे. अशा वर्गाचा कारभार एका वहीवर चालतो: वेळ ठरलेली, महिन्याची फी आगाऊ. वीस जणांच्या हॉलसाठी तीस जणांची फी घेतली तरी दाटी होत नाही, कारण दहाएक जण रोज दांडी मारतात. फी १,००० रुपये धरली, तर जमा ३०,०००. हॉलचे भाडे न येणाऱ्यांच्या पैशांतूनही निघते.

मोबाइलवर एकेका तासाची नोंदणी आली की हे गणित उलटते. तासाला १०० रुपये धरू. नित्य येणाऱ्याला २६ दिवसांचे २,६०० पडतात. अधूनमधून येणाऱ्याला मात्र स्वस्त. मग नित्याचाही दिवस गाळू लागतो. पावसाळी सकाळी चारच जण आले, तर तोटा शिक्षकाचा. गैरहजेरीचा भार असा खांदा बदलतो.

प्रश्न विद्येचाही आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. १९७५ साली त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीत आसने क्रमाने, समोरचे शरीर पाहून शिकवतात. रोज नवे चेहरे आले, तर क्रम कसा राखणार?

म्हणून फी महिन्याचीच असावी. येणे जमणार नसेल, तर आदल्या रात्री मोबाइलवरून जागा सोडावी; ती दुसऱ्या कुणाला मिळेल. आणि मोबाइल न वापरणाऱ्या आजींसाठी वही चालू ठेवावी.