‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पण माल सदोष असेल तर?

दुकानातून मिळणाऱ्या बिलाच्या तळाशी, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, एक ओळ छापलेली असते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ काही ठिकाणी ‘बदलूनही मिळणार नाही’ अशी पुस्ती तिला जोडलेली असते. ही ओळ इतकी परिचयाची झाली आहे की, ती कायद्यातीलच एखादी तरतूद असावी, असा समज रूढ झाला आहे. दुकानदाराने तिच्यावर बोट ठेवले की, बहुतेक ग्राहक पुढे काही न बोलता दुकानाच्या पायऱ्या उतरतात. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. वस्तू सदोष निघाली असेल, तर या छापील ओळीच्या आधारे दुकानदाराला आपली जबाबदारी झटकता येत नाही. उलट, सदोष माल परत घेण्यास व त्याची किंमत परत करण्यास नकार देणे हीच कायद्याच्या दृष्टीने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

हा हक्क समजून घेताना एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. घेतलेल्या साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, बूट दुसऱ्या दुकानात स्वस्त दिसले किंवा भेट म्हणून घेतलेली वस्तू घरात आधीच होती, अशा कारणांसाठी माल परत करण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. अशा वेळी दुकानदार वस्तू बदलून देतो तो सौजन्य म्हणून, किंवा त्याने स्वतःच तसे जाहीर केले असेल तर त्या शब्दाला जागून. ग्राहकाचे मन बदलणे आणि वस्तूत दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुकानदार नकार देऊ शकतो, दुसरीत नाही. काउंटरवर होणाऱ्या अनेक वादांचे मूळ या दोहोंची सरमिसळ करण्यात असते आणि ती कधी दुकानदाराकडून होते, तर कधी ग्राहकाकडूनही.

दोष म्हणजे काय?

मालविक्री अधिनियम, १९३० हा खरेदी-विक्रीचा मूळ कायदा. ‘खरेदी करणाऱ्याने स्वतःच डोळे उघडे ठेवावेत’ हे जुने तत्त्व त्यात आहे. तथापि त्याला महत्त्वाचे अपवादही आहेत. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याने विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असलीच पाहिजे, ही अट बिलावर लिहिलेली नसली तरी व्यवहारात गृहीत धरली जाते. मात्र ग्राहकाने वस्तू तपासून घेतली असेल आणि त्या तपासणीत सहज लक्षात यावा असा दोष असेल, तर त्याबद्दल मागाहून तक्रार करणे कठीण होते. पेटी उघडून दाखवत असताना दिसलेला तडा आणि महिन्याभरात जळालेली मोटार यांत कायदा फरक करतो, तो यामुळे.

या हक्कांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. ग्राहक चळवळीचा जोर वाढला तो या अनुभवातूनच. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू झाले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. पुढे १९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण कायदा संमत केला व जिल्हा पातळीवर तक्रार निवारण मंच अस्तित्वात आले. त्या कायद्याची जागा आता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने घेतली असून तो जुलै २०२० पासून अमलात आहे. पूर्वीच्या ‘मंचा’ला आता ‘जिल्हा आयोग’ म्हटले जाते.

नव्या कायद्यातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, प्रभाव, शुद्धता किंवा दर्जा यांत असलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. हा दर्जा कायद्याने ठरवलेला असेल, करारात मान्य केलेला असेल किंवा विक्रेत्याने दावा केलेला असेल. म्हणजेच ‘कपड्याचा रंग जाणार नाही’ असे विक्रेत्याने सांगितले आणि पहिल्याच धुण्यात रंग गेला, तर तोही दोषच. सवलतीच्या दरातील खरेदीलाही हाच नियम लागू होतो. ‘सेलमधल्या मालाची तक्रार चालणार नाही’ ही पाटी दोषाच्या बाबतीत टिकत नाही. अपवाद एवढाच की, विशिष्ट दोष दाखवून, त्यापोटीच किंमत कमी करून वस्तू विकली असेल, तर त्या दोषाबद्दल पुन्हा दाद मागता येत नाही.

मुदत किती?

सदोष माल परत घेऊन किंमत परत करण्याबाबत कायद्यात मुदतीचा उल्लेख आहे. बिलावर किंवा पावतीवर जी मुदत नमूद असेल, त्या मुदतीत दुकानदाराने हे करायचे असते. मुदत नमूद नसेल, तर तीस दिवसांत. या काळात नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. येथे कायद्याने ‘किंमत परत करणे’ असे म्हटले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘पैसे मिळणार नाहीत, त्या रकमेची दुसरी खरेदी करा’ असे सांगून हाती क्रेडिट नोट देण्याची पद्धत अनेक दुकानांत आहे. ग्राहकाला ती मान्य असेल तर प्रश्नच नाही. मात्र सदोष वस्तूच्या बाबतीत ती स्वीकारलीच पाहिजे, असे बंधन त्याच्यावर नाही.

तीस दिवस उलटले म्हणजे सर्व संपले, असेही नव्हे. वॉरंटीच्या काळातील हक्क शाबूत असतात आणि आयोगाकडे तक्रार करण्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तरीही दोष लक्षात येताच कळवणे हिताचे. जितका विलंब होतो, तितका ‘वापरात बिघडले’ या बचावाला वाव मिळतो.

दुकानदार की कंपनी?

समजा, चिपळूणच्या एका गृहिणीने साडेचार हजार रुपयांचा मिक्सर घेतला. पंधरवड्यात त्याची मोटार जळाली. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘भाग मागवला आहे.’ दोन महिन्यांनी दुरुस्त होऊन आलेला मिक्सर आठवड्यात पुन्हा बंद पडतो. अशा फेऱ्यांत ग्राहकाचा धीर सुटतो आणि वस्तू माळ्यावर जाते.

या उदाहरणात पैसे दुकानदाराने घेतले आहेत आणि विक्रीचा करारही त्याच्याशीच झाला आहे. त्यामुळे दुकानदाराला हात वर करता येत नाहीत. कायद्यातील ‘व्यापारी’ या संज्ञेत विक्रेता, वितरक आणि उत्पादकही येतात. म्हणूनच लेखी तक्रार करताना दुकानदार व कंपनी या दोघांनाही उद्देशून करावी आणि पुढे आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. कोणाचा वाटा किती, हे त्यांनी आपापसांत व आयोगासमोर ठरवावे. त्यासाठी ग्राहकाने हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

सदोष वस्तूमुळे इजा झाली, उदाहरणार्थ कुकर फुटून हात भाजला, तर प्रकरण केवळ किमतीपुरते राहत नाही. २०१९ च्या कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याखाली इजेबद्दलची भरपाई उत्पादकाकडून मागता येते. विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतंत्र हमी दिली असेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, अशा काही परिस्थितींत विक्रेताही त्यास जबाबदार ठरतो.

दुरुस्ती, बदली की परतावा?

आयोगाला दोष दूर करण्याचा, निर्दोष वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश देता येतो. त्याखेरीज नुकसानभरपाई व तक्रारीचा खर्चही मंजूर करता येतो. मात्र प्रत्येक प्रकरणात पूर्ण परतावाच मिळेल, असे गृहीत धरू नये. मोटारगाडीतील दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे म्हटले होते की, सदोष भाग बदलून वा दुरुस्त करून गाडी ठीक होत असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. तात्पर्य हे की, एकदा झालेल्या किरकोळ बिघाडापेक्षा दुरुस्तीनंतरही वारंवार उद्भवणारा तोच दोष परताव्याची मागणी अधिक बळकट करतो. त्यासाठी सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक भेटीचे जॉबशीट मागून घेणे व त्यावर बिघाडाचे नेमके वर्णन लिहिले आहे की नाही, हे पाहणे अत्यावश्यक आहे. ‘तपासले, ठीक आहे’ एवढ्याच शेऱ्यावर सही करू नये.

कागद बोलतो

ग्राहकाची बाजू बहुधा कमकुवत होते ती सत्य नसल्यामुळे नव्हे, तर पुरावा नसल्यामुळे. खरेदीच्या वेळी ‘पक्के बिल घेतले तर कर लागेल’ असे सांगून कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून देण्याची प्रथा अजूनही आहे. वाचलेले चार पैसे वस्तू बिघडल्यावर महागात पडतात. बिल न देणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल हरवलेच असेल, तर मोबाइलवरून किंवा कार्डाने केलेल्या भरण्याची नोंद, वॉरंटी कार्डावरील दुकानाचा शिक्का, दुकानदाराशी झालेला संदेशव्यवहार यांचा आधार घेता येतो. थर्मल कागदावरील बिलाची अक्षरे काही महिन्यांत उडतात. म्हणून त्याची छायाप्रत किंवा छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे.

दोष आढळल्यावर वस्तूचा वापर थांबवावा आणि ती स्वतः किंवा बाहेरच्या कारागिराकडून उघडू नये. दोषाची छायाचित्रे घ्यावीत. तोंडी तक्रारीने काम झाले नाही, तर लेखी पत्र द्यावे. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, किंमत, दोषाचे स्वरूप, आतापर्यंत झालेल्या भेटी आणि नेमकी मागणी लिहावी व उत्तरासाठी ठरावीक मुदत, उदाहरणार्थ पंधरा दिवस, द्यावी. पत्र हातोहात दिल्यास प्रतीवर पोच घ्यावी. अन्यथा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. वस्तू दुकानात ठेवून यावी लागली, तर तिचीही पोच घ्यावी. अनेक प्रकरणे या पत्रावरच मिटतात, कारण ग्राहक कागदपत्रांनिशी पुढे जाण्याच्या तयारीत आहे, हे त्यातून कळते.

पत्राचा उपयोग झाला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोड घडवू पाहते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही.

आयोगापुढे जाताना

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. वस्तूसाठी मोजलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. २०१९ च्या कायद्याने झालेली मोठी सोय म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. मुंबईत घेतलेल्या फ्रिजसाठी रत्नागिरीच्या रहिवाशाला आता मुंबईच्या वाऱ्या करण्याची गरज नाही. ऑनलाइन दाखल करण्याची सोयही उपलब्ध असून २०२५ पासून ती ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावर आहे. मात्र पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूंना हा कायदा लागू नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेले शिलाई यंत्र मात्र त्यात बसते.

विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस व फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. दोष नुसत्या पाहणीने ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणूनच सदोष वस्तू भंगारात देऊ नये. तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक प्रकरणांना याहून बराच अधिक वेळ लागतो, ही या व्यवस्थेची मोठी उणीव होय. निकालाविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील करायचे, तर दुकानदाराला आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश न पाळल्यास कारावास व दंडाचीही तरतूद आहे.

ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-वाणिज्य नियम आहेत. सदोष, बनावट किंवा जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच व एका महिन्यात निवारण देणे बंधनकारक आहे.

साडेचार हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. प्रत्येकाने स्वतःपुरता तो सोडून दिला, म्हणूनच बिलावरची ती बारीक ओळ आजवर टिकून राहिली. सचोटीने व्यवहार करणाऱ्या दुकानदाराला या कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. सदोष माल त्यालाही कंपनीकडे परत पाठवता येतो. ग्राहकाने मात्र पक्के बिल, तारीखवार नोंदी आणि पोच घेतलेले पत्र एवढी शिदोरी जवळ बाळगावी. मग काउंटरवर कोणी त्या ओळीवर बोट ठेवले, तर त्याच बिलावरची तारीख दाखवून किंमत परत मागता येईल.