एकाच सिरिंजमधील दोन औषधे

म्हसरूळच्या गजपंथ सिद्धक्षेत्राच्या पायऱ्या चढून दर्शन घेणे हा आमच्या वहिनींचा अनेक वर्षांचा नेम. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्यामुळे तो खंडित झाला. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांध्यात इंजेक्शन देण्याचे ठरवले आणि दोन औषधांची चिठ्ठी माझ्या हाती दिली : एक दाहशामक स्टेरॉइड, दुसरे जागा बधिर करणारे लिग्नोकेन. मी दोन्ही घेऊन आलो. डॉक्टरांनी लिग्नोकेनच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली आणि ती परत केली. "यात पॅराबेन आहे. पॅराबेन नसलेली आणा." औषध तेच, तीव्रता तीच, मला हा काटेकोरपणा अनाठायी वाटला. नंतर त्यांनी कारण सांगितले, तेव्हा माझी चूक उमगली.

ही दोन औषधे एकत्र देण्याची पद्धत जुनी आणि मान्य आहे. लिग्नोकेन काही मिनिटांत वेदना थांबवते, पण तासा-दोन तासांत त्याचा प्रभाव ओसरतो. स्टेरॉइडचा गुण येण्यास काही दिवस लागतात. म्हणूनच वहिनींचा गुडघा त्याच संध्याकाळी पुन्हा दुखू लागला, तेव्हा इंजेक्शन वाया गेले असे समजण्याचे कारण नव्हते.

सांध्यात दिली जाणारी बरीच स्टेरॉइडे पाण्यात विरघळलेली नसतात. त्यांचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात, म्हणून ते औषध दुधाळ दिसते. अनेक वेळा वापरायच्या लिग्नोकेनच्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून मिथाइल पॅराबेन घातलेले असते. त्याच्या संपर्काने हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ शकतात. त्यामुळे अशा काही स्टेरॉइडांच्या पत्रकात पॅराबेनविरहित लिग्नोकेनच वापरण्याची सूचना असते.

दुसरा प्रश्न आम्ल-अल्कतेचा. बधिर करणारी औषधे किंचित आम्लधर्मी द्रवात विरघळून राहतात. अल्कधर्मी औषध मिसळले की ती बाहेर पडू शकतात. रोपिव्हाकेनमध्ये डेक्सामेथासोन मिसळल्यास स्फटिक तयार होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. डायक्लोफिनॅकचे नेमके उलट : ते आम्लधर्मी द्रवात टिकत नाही. म्हणून ते इतर इंजेक्शनांत मिसळू नये, अशी सूचना त्याच्या पत्रकात असते. तरीही "दोन सुया कशाला, एकातच द्या" असा आग्रह आपण दवाखान्यात सहज धरतो. सुईची एक वेदना वाचवण्यासाठी केलेली ही मागणी शहाणपणाची नाही.

मणक्याजवळील इंजेक्शनात धोका अधिक गंभीर असतो. स्टेरॉइडचे कण रक्तवाहिनीत शिरले तर मज्जारज्जूचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो. मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शनानंतर क्वचित पक्षाघात, दृष्टिनाश वा मृत्यूही ओढवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये दिला. मिश्रण डोळ्यांना स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. सूक्ष्म स्फटिक नुसत्या नजरेला दिसत नाहीत.

याचा अर्थ इंजेक्शनाला घाबरावे असा नाही. वाचकांनी एवढे करावे : चिठ्ठीवरील औषध न मिळाल्यास दुकानदाराने दिलेला पर्याय डॉक्टरांना दाखवल्याखेरीज वापरू नये. मिश्रण आधी करून ठेवलेले नसावे. मधुमेह असल्यास तसे अवश्य सांगावे, कारण स्टेरॉइडमुळे काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि दातांच्या वेळी बधिरतेच्या इंजेक्शनाचा झालेला त्रास हेही लपवू नये.

आपल्याकडे पाणी गाळताना, धान्य निवडताना जयणा पाळण्याचा संस्कार आहे. त्या दिवशी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचणारे डॉक्टर तीच जयणा पाळत होते. वहिनींनी काही आठवडे विश्रांती घेतली आणि पुढे सावकाश, थांबत थांबत, गजपंथच्या पायऱ्या पुन्हा चढल्या.