थंडीत मासा तळाशी शोधा

डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावकडे पारा कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत तापी-गिरणेच्या काठी गळ टाकणारे बरेच जण रिकाम्या हाताने घरी येतात आणि म्हणतात, "थंडीत मासा लागतच नाही." मासा असतो तिथेच, फक्त तो खोल गेलेला असतो.

माशाच्या अंगाची ऊब पाण्यावर अवलंबून असते. पाणी गारठले की त्याचे पचन मंदावते, भूक घटते, हालचाल कमी होते. काठाजवळचे उथळ पाणी रात्रीतून गार पडते. डोहातले पाणी सावकाश बदलते. म्हणून थंडीत डोह गाठावा.

कोणता मासा कुठे चरतो, हे त्याचे तोंडच सांगते. मुलांनाही हे दाखवा. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचे तोंड खाली झुकलेले, तो तळाचा गाळ चाळतो. शिंगाळाही तळाचाच. थंडीत भरवसा या दोघांवर ठेवावा.

तळाच्या गळासाठी तरंगा नको. मधोमध छिद्र असलेले शिसे तंगुसात मोकळे ओवावे, त्याखाली मणी बांधावा आणि मण्यापासून हातभर अंतरावर बारीक गळ. मासा आमिष ओढतो तेव्हा तंगूस शिशातून सरकतो. वजन जाणवत नाही, म्हणून तो आमिष सोडत नाही. तंगूस हलका ताणून बोटावर धरावा. थंडीतला झटका जोराचा नसतो, बारीकशी थरथर येते.

आमिष थोडेच लावावे. मृगळासाठी वाटाण्याएवढी कणकेची गोळी, शिंगाळ्यासाठी गांडूळ. उन्हाळ्यासारखा चारा भरमसाट टाकला तर मंद भुकेचा मासा त्यानेच तृप्त होतो. वेळ म्हणाल तर जुहर ते अस्र, ऊन पाण्यात मुरल्यावर. पहाटेची घाई नको.

शिंगाळा गळावरून काढताना पाठीच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांपासून हात जपा. धरणाच्या उतरत्या दगडांवर शेवाळ असते. मुलांना एकटे सोडू नका. जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. ते त्यांच्या घरचे अन्न आहे, म्हणून आधी परवानगी विचारावी. बोटभर पिल्लू लागले तर ओल्या हाताने सोडून द्यावे.

आणि तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. भुसावळ तालुक्यातल्या हतनूर जलाशयावर याच दिवसांत दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांच्या पायात अडकलेला तो धागा त्यांना सोडवता येत नाही. मासळी हलाल आहे, जबीहाचीही गरज नाही. पण आपल्या एका जेवणापायी दुसरा जीव तडफडू नये. उरलेला तंगूस गुंडाळून खिशात घाला, मगच घरची वाट धरा.