गाडीच्या पत्र्याला जस्त कशाला?

गेल्या वर्षी आमच्या गटाने मासळीच्या पेट्या न्यायला जुनी व्हॅन घेतली. रंग अगदी नवाकोरा होता. चार महिन्यांत दाराच्या खालच्या कडेला फोड आले, नखाने खरवडलं तर आत लांबी आणि तिच्याखाली गंज! बचतीचे पैसे त्यात अडकले. तेव्हापासून आम्ही विचारत फिरलो, त्यातलं आज सांगतो.

पत्रा नुसता रंगवला, तर चऱ्यातून गंज शिरतो आणि रंगाखाली पसरतो. म्हणून पोलादाच्या कारखान्यातच त्यावर जस्त चढवतात. सुमारे ४६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तातून पत्रा ओढून काढतात, जादा जस्त हवेच्या झोताने उडवतात. गाडीच्या पत्र्यावर उरतो तो थर साधारण ७ ते १० मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी पातळ.

ही कल्हईच झाली, असं आम्हालाही वाटलं होतं. पण कल्हईचं कथील नुसतं झाकतं. कथील चढवलेल्या लोखंडी डब्याला चरा पडला, तर उघडं लोखंड उलट लवकर गंजतं. जस्त मात्र चऱ्याजवळ आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं. जस्ती बादली आपटून, घासूनही वर्षानुवर्षं टिकते ती म्हणूनच. जस्त संपलं की राखण संपली, आणि आपल्या खाऱ्या हवेत ते लवकर संपतं.

मग थर जाड का देत नाहीत? कारण पुढे हा पत्रा दाबयंत्राखाली दाराचा, बॉनेटचा आकार घेतो, मग त्याचं वेल्डिंग होतं. जाड थर तिथे त्रास देतो. पत्रा फाटू नये म्हणून पोलादात कार्बनही नावापुरताच ठेवतात. काही पत्रे जस्त चढवल्यावर पुन्हा तापवतात, म्हणजे लोखंड आणि जस्त एकजीव होऊन करडा थर बनतो. त्यावर रंग छान बसतो, पण तो ठिसूळ, दाबताना त्याची पूड निघू शकते.

सांगाडा जोडून झाला की तो अख्खाच प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडतात, म्हणजे प्रायमर पोकळ भागांतही पोचतो. गॅरेजमध्ये हे होत नाही. तिथे ग्राइंडर फिरला की प्रायमर गेला, जस्तही गेलं. त्या जागी निदान जस्ताचा प्रायमर मारून घ्या. गंजावरच लांबी भरू देऊ नका.

सगळ्यात नाजूक जागा दाराची खालची कड. बाहेरचा पत्रा आतल्यावर करंजीच्या कडेसारखा मुडपलेला असतो, त्या घडीत पाणी बसतं. ते निघून जावं म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात. आमची मासळीच्या खवल्यांनी बुजली होती! आता दर रविवारी काडीने मोकळी करतो.

जुनी गाडी बघायला जाताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. लोखंडी पत्र्यावर तो चिकटतो, जाड लांबीवर घसरतो. आमच्या उजव्या दारावर तो टिकलाच नाही, पण तो लावून बघायचं आम्हाला सुचलं गाडी घेतल्यानंतर.