आखूड बंदूक : सोय किती, धोका किती?

आपल्या विदर्भात पीक भरात आले की रानडुकरांची आणि रोह्यांची धाड ठरलेलीच. जागलीला जाणाऱ्याच्या मनात मग बंदूक येते. हल्ली एका आखूड बंदुकीची चित्रे तरुण मंडळी कौतुकाने पाहतात. तिला ‘बुलपप’ म्हणतात. ती आपल्या कामाची आहे का, हे आज तोलून पाहू.

नेहमीच्या बंदुकीत काडतूस चापाच्या पुढे असते आणि मागचा दस्ता नुसता खांद्याला टेकवण्यापुरता. बुलपपमध्ये काडतुसाचे घर चापाच्या मागे, दस्त्यातच बसवतात. त्यामुळे नळी कमी न करता बंदूक आखूड होते. अमेरिकेतली ‘केल-टेक केएसजी’ घ्या. नळी १८.५ इंच, पण एकूण लांबी जेमतेम २६ इंच. नळीखालची मूठ मागेपुढे केली की रिकामे काडतूस पडते, नवे चढते. ही झाली पंपाची पद्धत. काडतुसांच्या दोन कोठ्या, एकेकीत सात.

फायदे उघड आहेत. मचाणावर, जीपमध्ये, अडचणीच्या जागी ती सहज वळते, आणि वजन खांद्याजवळ राहते.

आता दुसरे पारडे. नळीचे तोंड पुढच्या हाताच्या जवळ असते. घाईत हात घसरला तर बोटे गेलीच म्हणा. बार गालाशी होतो, कान बधिर होतात. काडतुसे दस्त्याकडून, खालच्या बाजूने भरायची. अंधारात ते सोपे नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे चटकन दिसत नाही. साधी दुनळी मधून मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार दिसते. घरातल्या पोरालाही कळते.

कायदाही पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती अपुरी आहे असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. पण नळी निदान २० इंच हवी. मोजायची ती नळी, सगळी बंदूक नव्हे. म्हणजे वरची साडेअठरा इंची या तरतुदीत बसतच नाही. शिवाय परवाना मिळतो तो बंदुकीचा, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

तेव्हा माझे मत विचाराल तर असे : चौदा काडतुसांची कोठी सैनिकाला हवी असेल, जागल्याला नको. तुरीत काही हलले, तर ते डुक्करच असेल असे नाही; शेजारच्या धुऱ्यावरून आलेला माणूसही असू शकतो. त्या क्षणी उपयोगी पडते ती हातातली बॅटरी, एक हाक आणि चापापासून दूर ठेवलेले बोट. बंदूक आखूड असो की लांब, धीर मात्र लांब हवा.